सप्रेम भेट, खोक्यांसकट

प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. ग्रंथपालाला खोकी मिळतात. ती लगेच येत नाहीत. आधी पेन्शनचे कागद मार्गी लागतात, मग मुलगी अमेरिकेला जाते, घराला रंग काढायचा ठरतो किंवा सोसायटी पुनर्विकासाला निघते, आणि मग समाजाने आपल्याला जे दिलं ते समाजाला परत करावं ही भावना घरात दाटून येते. ज्ञानदानाची ओढ आणि माळा रिकामा करण्याची निकड यांची गाठ मराठी घरात हटकून एकाच आठवड्यात पडते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात फोन वाजतो. "बाबांचा मोठा संग्रह आहे, मॅडम. हजारेक पुस्तकं असतील. सगळी दुर्मीळ." ग्रंथपालबाई मुरलेल्या असतील तर त्या यादी मागतात. यादी करायला घरात कुणाला वेळ नसतो, टेम्पो मात्र उद्या सकाळचाच ठरलेला असतो.

खोकी उघडली की वरच्या थरात 'स्वामी', 'ययाति' आणि 'मृत्युंजय' असतातच. त्यांच्याखाली सोव्हिएत प्रकाशनांची भक्कम बांधणीची, नगण्य किमतीची पुस्तकं, कारण एके काळी पुरोगामी असणं स्वस्तात पडत असे. मग 'रीडर्स डायजेस्ट'चे अंक, विद्यापीठाच्याच जुन्या अभ्यासक्रम-पुस्तिका (ग्रंथालयाने त्या नुकत्याच कशाबशा रद्दीत काढलेल्या असतात) आणि तळाशी प्राध्यापकांच्या स्वतःच्या प्रबंधाच्या उरलेल्या प्रती. पानांमधून एसटीची तिकिटं, विम्याच्या पावत्या आणि शिर्डीची उदी निघते. आणि कसर. संग्रहातलं प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत कुणी चाळलं असेल, तर ते तिनेच.

शिवाय अटी असतात. संग्रह फोडायचा नाही. काचेचं वेगळं कपाट हवं. कपाटावर बाबांचं नाव, जमल्यास फोटो. पुस्तकांवर शिक्के मारू नयेत, बाबांना आवडायचं नाही. ग्रंथालयात पुस्तक आणायचं आणि त्यावर शिक्का मारायचा नाही, म्हणजे मुंज करायची आणि जानवं घालायचं नाही.

तरीही ग्रंथपाल खोकं नाकारत नाही. एखाद्या खोक्यात, गाइडांच्या आणि डायऱ्यांच्या मधोमध, शिळाछापाची एखादी पोथी किंवा शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मासिकाची पूर्ण फाइल निघते, समासात कुणा जाणत्याच्या बारीक अक्षरातल्या टिपांसकट. त्या एका फाइलपायी आधीची चाळीस खोकी माफ होतात. ती फाइल नेमकी कोणत्या खोक्यात आहे हे बाहेरून कळत नाही, हीच अडचण.

देणाऱ्याच्या लेखी दान टेम्पो निघाला की पुरं होतं. इकडे दाखल नोंदवहीत नोंद करायची, क्रमांक घालायचा, शिक्के मारायचे (एक ठरलेल्या गुप्त पानावरही, चोराला सापडू नये म्हणून), वर्गीकरण, सूची, पाठीवर चिठ्ठी, बारकोड, बांधणी सुटली असेल तर बाइंडरकडे, वाळवी दिसली तर आणखी कुणाकडे. फुकट आलेल्या पुस्तकाला हा सगळा खर्च विकतच्या पुस्तकाइतकाच लागतो, आणि त्यासाठी कुणी देणगी देत नाही. एकदा नोंद झाली की पुस्तक सरकारजमा. पुढे ते फाटलं, हरवलं, कालबाह्य झालं तरी निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, मंजुरी. आत येताना सप्रेम, बाहेर जाताना समिती. त्यातून अकरावी 'ज्ञानेश्वरी' किंवा सातवा 'दासबोध' रद्दीत घालायला शिपाई साफ नकार देतो. त्याचं काही चुकत नाही.

या सगळ्या कुरकुरीला अपवाद फक्त विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायच्या वर्षाचा. त्या वर्षी कुणाचंही, कसलंही खोकं हार घालून आत घेतात.

पैशाचं दान पुस्तकांपेक्षा सुटसुटीत असावं, असं वाटतं. त्यासाठी मुंबईच्या ओव्हल मैदानासमोर उभं राहावं. २८० फुटांचा राजाबाई टॉवर कुणाला ठाऊक नाही? पण तो कशाचा टॉवर आहे, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारलं तर बरेच जण आधी घड्याळ बघतात. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आहे. प्रेमचंद रायचंद हे कापूस आणि शेअरबाजाराचे त्या काळचे बादशहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मुंबईत पैसा मावत नव्हता. १८६४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. इमारत शहराला शोभा देणारी व्हावी आणि मागच्या-पुढच्या पिढ्यांच्या ग्रंथांचं भांडार व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. शोभा आधी आणि ग्रंथ नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑक्टोबरमध्ये आणखी दोन लाख आले, ते मनोऱ्यासाठी, आणि त्याला त्यांच्या आईचं नाव द्यायचं होतं. म्हणजे पुस्तकांच्या घराला दोन लाख आणि घड्याळाच्या घरालाही दोन लाख.

गंमत अशी की तेव्हाचं मुंबई विद्यापीठ शिकवत नसे. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं काम परीक्षा घेणं. शिकवायची ती कॉलेजं. विद्यार्थी विद्यापीठाकडे येत ते पेपर लिहायला आणि पदवी घ्यायला, आणि त्या दोन्ही वेळी पुस्तक जवळ असणं एक तर गैर, नाही तर उशिराचं. वाचक नसलेल्या ग्रंथालयाला मनोरा मात्र असा मिळाला की त्या काळी मुंबईत त्याहून उंच काही नव्हतं.

पैसे देऊन वर्ष होतं न होतं तोच, १८६५ साली, अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्याबरोबर प्रेमचंद. दिलेलं दान मात्र दिलेलंच राहिलं. १८६९ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १८७८ मध्ये पुरं झालं. खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवलं नाही. ग्रंथालय न बघता त्याबद्दल ठाम मत असणाऱ्यांची परंपरा तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. घड्याळात सोळा सुरावटी होत्या. त्यांत 'रूल ब्रिटानिया' होती आणि 'होम स्वीट होम'सुद्धा. वाचनालयात शांतता राखा, ही पाटी लावणाऱ्या माणसाची मनःस्थिती काय झाली असेल?

राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नसे आणि जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायचं असे, तेव्हा वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळ उभारलं, असंही सांगतात. कथा गोड आहे. आईच्या जेवणाच्या वेळेची इतकी सार्वजनिक सोय दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

या इमारतीवर सगळ्यांत उपयोगी उपकार झाला तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. दगड काळवंडले होते, रंगीत काचा तडकल्या होत्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पैसे दिले, इंडियन हेरिटेज सोसायटीने काम पाहिलं आणि २०१५ मध्ये इमारत पुन्हा नीट झाली. नवा मनोरा बांधला की नाव राहतं. जुना पुसला की फक्त मनोरा राहतो.

काही वेळा आपण ग्रंथालयाला दान देतो आहोत, हे देणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. पब्लिक लॉ ४८०, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचं 'पीएल चारशेऐंशी', हा अमेरिकेचा १९५४ चा कायदा. त्याखाली भारतात गहू आला, रेशनच्या रांगेत लोकांनी त्याला नावं ठेवली आणि खाल्ला. गाजरगवतही त्याच गव्हातून आलं, असा लोकप्रवाद आहे. गव्हाचे पैसे भारताने रुपयांत भागवायचे होते. ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच साचत गेले. डॉलर असते तर कुठेही गेले असते. रुपये घेऊन जाणार कुठे? मग १९५८ मध्ये कायद्यात सोय झाली की या पैशातून अमेरिकेच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं घ्यावीत. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने खरेदी सुरू केली, भारताच्या साऱ्या प्रमुख भाषांतून आणि एकेका पुस्तकाच्या डझनावारी प्रती. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली अशा विद्यापीठांकडे पेट्या रवाना होऊ लागल्या.

मराठी प्रकाशकाला असं गिऱ्हाईक स्वप्नातही दिसलं नसेल. ते भाव करत नाही, उधारी ठेवत नाही, आणि पुस्तक वाचून अभिप्रायही पाठवत नाही. ज्या काव्यसंग्रहाच्या प्रती कवीने स्वतः घरोघर वाटल्या, त्याचीही एखादी प्रत समुद्र ओलांडून गेली. तिकडच्या ग्रंथपालांची अवस्था आपल्या ग्रंथपालबाईंसारखीच झाली, फक्त खोक्यांऐवजी जहाजं येत होती. मराठी, तमीळ, बंगाली, उर्दू अशी एकेक लिपी उलगडणारं माणूस शोधा, सूची करा, जागा करा. अनेक ठिकाणी ढिगारे साचले. पण त्या ढिगाऱ्यांच्या आधारानेच तिथले दक्षिण आशियाच्या अभ्यासाचे विभाग वाढले, आणि रुपयांचा साठा संपल्यावर त्या ग्रंथालयांनी तीच खरेदी डॉलर मोजून चालू ठेवली. आपल्या गावात न मिळणारं मराठी पुस्तक शिकागोच्या सूचीत सापडलं की मराठी संशोधकाला अभिमान वाटावा की लाज, हे त्याचं त्याने ठरवावं. व्हिसाचे पैसे तसेही त्यालाच भरायचे असतात.

ग्रंथालयाला नेमकं काय द्यावं, हे कळलेला माणूस बहुधा ग्रंथालयातच सापडतो. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पहिल्या काही दिवसांतच कंटाळले. वाचक नाहीत, काम नाही, शांतता भयंकर. परत शिकवायला जाऊ द्या म्हणून ते मागे लागले. विद्यापीठाने त्यांना आधी लंडनला पाठवलं, तिथल्या ग्रंथालयांचं काम बघून या म्हणून. परत आलेला माणूस वेगळाच होता. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. पाचवा सांगतो, ग्रंथालय ही वाढणारी जिवंत वस्तू आहे. पाचवा नियम टेम्पोवाल्यांना फार सोयीचा वाटतो. चौथा नियम ऐकून कुणी खोकं परत नेल्याचं उदाहरण नाही.

याच रंगनाथन यांनी पुढे आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले. इमारतीला नाही, पुस्तकांना नाही, कपाटालाही नाही. ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकपदासाठी दिले, आणि त्याला पत्नीचं, शारदाबाईंचं, नाव दिलं. पुस्तकं येतच राहणार आहेत, ती लावणारं माणूस पगारावर हवं, हे कळायला आधी वीस वर्षं ती लावावी लागतात. एरवी सूचिकाराचा पगार, बाइंडरचं बिल, वाळवीची फवारणी, झेरॉक्सचं टोनर यांवर आपल्या आजोबांचं नाव घालावं असं कुणालाच वाटत नाही. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ कीटकनाशक' ही पाटी अजून कुठल्याही ग्रंथालयात लागलेली नाही.

वाचकाकडूनही सेवा घडते, कधी कधी आळसाने. जॉन हार्वर्ड हे तरुण धर्मोपदेशक १६३८ मध्ये वारले आणि जाताना अर्धी इस्टेट आणि सुमारे चारशे पुस्तकं मॅसॅच्युसेट्समधल्या एका नवख्या कॉलेजला देऊन गेले. कॉलेजने त्यांचं नाव घेतलं. १७६४ मध्ये ग्रंथालयाला आग लागली आणि त्यांच्या संग्रहातली तिथे असलेली सगळी पुस्तकं जळाली. एक मात्र वाचलं, कारण ते कुणीतरी घरी नेलं होतं आणि मुदत उलटूनही परत केलं नव्हतं. विलंब शुल्काच्या पाटीखाली ही हकिगत लिहायला कुठलाही ग्रंथपाल तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण दान, त्याची हेळसांड आणि पुन्हा दान हा खेळ मन लावून खेळावा तो ऑक्सफर्डनेच. पंधराव्या शतकात ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री याने विद्यापीठाला २८० हून अधिक हस्तलिखितं दिली. ठेवायला जागा नव्हती. दालन बांधून उघडेपर्यंत १४८८ साल उजाडलं, तोवर ड्यूकला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पुढे धर्मसुधारणेच्या वावटळीत ती हस्तलिखितं पांगली आणि १५५६ मध्ये विद्यापीठाने तिथली मेजंही विकून टाकली. पुस्तकंच नाहीत तर मेजं कशाला, हा हिशेब तसा चोख होता.

सर थॉमस बॉडली यांनी १५९८ मध्ये हे रिकामं दालन पुन्हा उभं करायची जबाबदारी घेतली. मुत्सद्देगिरीतून निवृत्त झालेले होते, म्हणजे खोकी पाठवायच्या वयाचे. पैसा बराचसा पत्नीकडचा. तिचे पहिले पती तारलीसारख्या माशांच्या व्यापारात गब्बर झाले होते. ऑक्सफर्डच्या जगप्रसिद्ध ग्रंथालयाखाली असा खारवलेल्या मासळीचा पाया आहे, हे रत्नागिरी-मालवणच्या मंडळींनी जरूर लक्षात ठेवावं. १६०२ मध्ये ग्रंथालय उघडलं, त्यांच्याच नावाचं, बॉडलियन. बॉडलींनी दात्यांची नावं लिहायला एक भलामोठा ग्रंथ करवून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा ठेवला. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात. बॉडलींना पायऱ्यांइतकाच हा ग्रंथ वाढायला हवा होता, आणि तो वाढला.

दाता म्हणून ते करडे होते. ग्रंथपालाने अविवाहित असावं, असा त्यांचा आग्रह. पहिले ग्रंथपाल थॉमस जेम्स यांनी लग्नाची परवानगी मागितली तेव्हा बॉडली बरेच कुरकुरले आणि शेवटी नाइलाजाने हो म्हणाले. १६१० मध्ये त्यांनी लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार केला, तिथे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला फुकट मिळावी असा. मग फुकटात काय काय येतं ते दिसू लागलं. नाटकं, पंचांगं असला सटरफटर माल आत घेऊ नका, असं त्यांनी ग्रंथपालाला बजावलं. लंडनमध्ये तेव्हा शेक्सपिअर नाटकं लिहीत होता.

मोठं दान पचायला ऑक्सफर्डलाही वेळ लागतो. १९०९ मध्ये नेपाळचे पंतप्रधान महाराजा चंद्र शमशेर यांनी सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखितं बॉडलियनला दिली. त्यांतल्या ज्योतिषाच्या हस्तलिखितांची सूची छापून आली १९८४ मध्ये, डेव्हिड पिंग्री यांनी केलेली. आपली यादी केव्हा होईल, हे त्या हस्तलिखितांनाही सांगता आलं नसतं. तेव्हा आपल्या विद्यापीठात खोकी तीन वर्षं जिन्याखाली पडून असतील, तर दात्याच्या मुलाने लगेच वर्तमानपत्राला पत्र लिहू नये.

१६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह, 'फर्स्ट फोलिओ', छापला गेला. बॉडलींना जाऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांचा करार जिवंत होता. प्रत फुकट आली, ग्रंथालयाने तिला बांधणी केली आणि साखळीने फळीला बांधली. विद्यार्थी ती वाचत. किती वाचत, ते पानांवरून दिसतं. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या सज्जाच्या प्रवेशासमोरचं पान सगळ्यांत जास्त झिजलंय, कारण समोरचं वाचताना त्यावर कोपर टेकत असे. ऐतिहासिक नाटकांतलं 'किंग जॉन' तुलनेने कोरं राहिलं. अभ्यासक्रम कुठलाही असो, विद्यार्थी विद्यार्थीच असतात.

पुढे नवी, जास्त नाटकांची आवृत्ती निघाली. जुनी आवृत्ती कशाला ठेवायची? १६६४ च्या हिशेबात नोंद आहे की जादा झालेली पुस्तकं एका पुस्तकविक्रेत्याला २४ पौंडांना विकली. फोलिओ त्याच गठ्ठ्यात गेला, असं मानतात. निर्लेखन समितीने तेव्हाही आपलं काम चोख केलं होतं.

१९०५ मध्ये ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी घरच्या संग्रहातलं एक जुनं पुस्तक घेऊन बॉडलियनमध्ये आला. बांधणी खिळखिळी झाली होती, ती दुरुस्त कशी करावी, एवढाच त्याचा प्रश्न होता. ग्रंथालयातल्या मंडळींनी बांधणी निरखली, साखळीची जुनी खूण बघितली आणि ओळखलं की हे तर आपलंच. तेवढ्यात अमेरिकेतल्या एका संग्राहकाने त्यासाठी ३,००० पौंड देऊ केले. बॉडलियनकडे एवढे पैसे नव्हते. मग जाहीर वर्गणी काढली. आठशेहून अधिक लोकांनी पैसे दिले आणि १९०६ मध्ये ग्रंथालयाने फुकट मिळालेलं, बेवारशासारखं विकलेलं आपलंच पुस्तक तीन हजार पौंडांना परत घेतलं. पुढे १९२५ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ द बॉडलियन' ही ग्रंथालयाच्या हितचिंतकांची संस्था निघाली. असल्या ग्रंथालयाला मित्रांची गरज भासली यात नवल नाही.

पुस्तक इतकं नाजूक झालं होतं की ते वाचकांच्या हाती द्यायची सोय उरली नाही. २०१२ मध्ये ग्रंथालयाने पुन्हा झोळी पसरली, या वेळी त्याची पानं सांभाळून घ्यायला आणि छायाचित्रं काढून सगळ्यांसाठी खुली करायला. लोकांनी पुन्हा पैसे दिले. २०१३ मध्ये सगळी पानं कुणालाही फुकट बघता येतील अशी झाली, कोपरांच्या झिजेसकट. आणि बांधणीचं काय करावं, या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावर जाणकारांचा निर्णय असा झाला की फाटलेलं तेवढं सावरावं आणि बाकीला हात लावू नये.